पेसमेकरची दुसरी शस्त्रक्रिया आणि बंद पडलेली शीर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेसमेकरविषयी आरोग्य पुरवण्यांत जे छापून येते, त्यातला बहुतेक मजकूर पहिल्या शस्त्रक्रियेपुरता असतो. भूल जागेपुरती दिली जाते, छाती उघडावी लागत नाही, एक-दोन दिवसांत रुग्ण घरी जातो, बॅटरी अमुक वर्षे चालते, मोबाइल कोणत्या कानाला लावावा, एवढे सांगून लेख संपतो. यात चुकीचे काही नाही. मात्र पेसमेकर बसवलेला माणूस त्यानंतर पुष्कळ वर्षे जगतो, त्या वर्षांत त्याला दुसरी आणि कधी तिसरी शस्त्रक्रियाही लागते, आणि त्या वेळी जी अडचण पुष्कळदा आडवी येते तिचा उल्लेख क्वचितच वाचायला मिळतो. जुन्या तारा ज्या शिरेतून हृदयाकडे गेलेल्या असतात ती शीरच अरुंद झालेली किंवा पुरती बंद पडलेली असते. पेसमेकर आणि तत्सम उपकरणे बसवण्याचे काम नित्य करणारा डॉक्टर म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की एका बाजूची शीर बंद दिसली की सरळ दुसऱ्या बाजूला वळायचे ही आमच्या क्षेत्रातली सवय रुग्णाला पुढे फार महागात पडते, आणि ती मोडायची तर रुग्ण व त्याचे नातेवाईक यांनाही हा विषय ठाऊक असायला हवा.

ही तार जाते कशी, ते आधी सांगतो. पेसमेकरची डबी कॉलरबोनच्या खाली, बहुधा डाव्या बाजूला, त्वचेखाली लहानसा खिसा करून ठेवतात. तिच्यातून निघणारी तार, जिला आम्ही लीड म्हणतो, हाताकडून येणाऱ्या मोठ्या शिरेत शिरते, कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून पुढे सरकते, छातीतल्या आडव्या शिरेतून शरीराच्या वरच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या ऊर्ध्व महाशिरेत उतरते आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यांत पोहोचते. तिची जाडी 2 मिलीमीटरच्या आसपास असते. गरज पडल्यास विजेचा झटका देणाऱ्या उपकरणाची, म्हणजे आयसीडीची लीड त्याहून थोडी जाड. हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत सुखरूप जाता येते हे वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने 1929 साली स्वतःच्याच शिरेत नळी घालून दाखवले होते. तरीही 1958 साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जो पहिला पेसमेकर बसवला गेला, त्याच्या तारा छाती उघडून थेट हृदयाच्या पृष्ठभागावर बसवाव्या लागल्या होत्या. शिरेचा मार्ग त्यानंतरच्या काही वर्षांत रुळला, शस्त्रक्रिया खूपच सुटसुटीत झाली, आणि त्या सुटसुटीतपणाच्या समाधानात शिरेचे पुढे काय होते याकडे बराच काळ कोणी फारसे पाहिले नाही.

शिरेची भिंत पातळ आणि मऊ असते. तार आत गेल्यापासून हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक आणि खांद्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर ती भिंतीच्या अस्तराला घासत राहते. अस्तर दुखावले की तिथे रक्ताची बारीक गुठळी धरते, ती हळूहळू तंतुमय होते, आणि काही महिन्यांत तार ठिकठिकाणी शिरेला चिकटून तिच्याभोवती चिवट आवरण तयार होते. तार एकच असेल तर शिरेला हे आवरण एखादे वेळी सोसते; तारा दोन-तीन झाल्या, खिशात कधी जंतुसंसर्ग होऊन गेला, त्याच बाजूने पूर्वी तात्पुरत्या पेसमेकरची वायर घातली गेली, डायलिसिसची नळी किंवा केमोथेरपीचा पोर्ट त्याच शिरेत राहिला, छातीवर किरणोपचार झाले, तर अडथळ्याची शक्यता वाढत जाते. निरनिराळ्या पाहण्यांतले आकडे एकसारखे नाहीत, कारण किती अरुंद झाल्यावर त्याला अडथळा म्हणायचे यावरच एकमत नाही. पण लीड घातलेल्या साधारण चारांतल्या एका रुग्णाच्या शिरेत लक्षात येण्याजोगा अडथळा सापडतो आणि त्यांतल्या काहींची शीर पूर्ण बंद असते, असे म्हणायला हरकत नाही.

आणि यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. मुख्य रस्ता खणून ठेवला की वाहने जशी गल्लीबोळांतून वाट काढतात, तसे हाताकडून येणारे रक्त खांद्याच्या, मानेच्या आणि बरगड्यांलगतच्या लहान शिरांतून फिरून हृदयाकडे जाते, आणि हे बदल सावकाश होत असल्यामुळे हात ना सुजतो ना दुखतो. कधी तरी अंघोळीच्या वेळी खांद्यावर किंवा छातीवर निळसर शिरांचे जाळे उठून दिसते, एवढीच खूण. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताजी गुठळी होऊन संपूर्ण हात सुजणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे रक्त पातळ करणारी औषधे उपयोगी पडतात आणि उपकरण काढावे लागत नाही. ऊर्ध्व महाशीरच तुंबून चेहरा, मान आणि दोन्ही हात सुजणे हा प्रकार विरळा, पण गंभीर, आणि त्याचा संबंध पुढे ज्या सवयीबद्दल लिहिणार आहे तिच्याशी आहे.

शीर बंद आहे हे कळते ते दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी. नुसती बॅटरी संपली असेल तर प्रश्न येत नाही, कारण डबी बदलून जुन्याच तारा जोडल्या जातात. तारेचा आतला वाहक तुटला, तिचे वेष्टन विरले, हृदयाची ताकद कमी झाल्यामुळे साध्या पेसमेकरच्या जागी आयसीडी बसवायचे ठरले, किंवा दोन्ही बाजूंचे ठोके जुळवून आणणारे तीन तारांचे उपकरण, म्हणजे सीआरटी, द्यायचे ठरले, की नवी तार आत न्यावी लागते. मग खिसा उघडला जातो, सुई शिरेत जाते, रक्तही येते, आणि वाट काढण्यासाठी आधी घातली जाणारी बारीक वायर, म्हणजे गाइडवायर, कॉलरबोनच्या आतल्या टोकापाशी अडून वळसे घेऊ लागते. रुग्ण टेबलावर, जखम उघडी, जुनी डबी बाहेर काढून ठेवलेली, आणि पुढे काय करायचे हे तेव्हा ठरवायचे. अशा वेळी घेतलेले निर्णय सहसा घाईचेच असतात.

ही वेळ टाळणे अवघड नाही. ज्या बाजूला जुना पेसमेकर आहे त्याच हातात सुई लावून 10 ते 20 मिलीलीटर डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारे द्रव्य, द्यायचा, मागोमाग सलाइन सोडायचे आणि स्क्रीनवर पाहत राहायचे. मोकळी शीर असेल तर डायचा काळा पट्टा दंडातून वर येतो, तारांच्या कडेने सरळ छातीच्या मध्यभागी जातो आणि विरून जातो. बंद शिरेत तोच पट्टा कॉलरबोनखाली येऊन निमुळता होत थांबतो. क्षणभराने त्याच्या आजूबाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा भरू लागतात, त्यांतल्या काही मानेकडे चढतात, काही ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात. मिनिटभराचे काम आहे. मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णातही एवढा थोडा डाय विचारपूर्वक देता येतो. सोनोग्राफीने दंडाकडचा भाग चांगला दिसतो, पण कॉलरबोन आणि बरगड्या यांच्या आड गेलेला भाग तिला नीट दिसत नाही, आणि नेमका तोच भाग बहुतेक वेळा बंद असतो. ही तपासणी चिरा देण्याआधी व्हायला हवी. ती चिऱ्यानंतर केली तर तिची अर्धी किंमत गेली.

आता त्या सवयीकडे येतो. डावी शीर बंद आहे असे कळले की सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे उजव्या बाजूने नवी तार घालणे. मग दोनच वाटा उरतात. उजवीकडे संपूर्ण नवे उपकरण बसवून डावीकडच्या तारा तशाच निकामी सोडून द्यायच्या, किंवा उजवीकडून घातलेली तार छातीच्या मधल्या हाडावरून त्वचेखाली बोगदा करून डावीकडच्या डबीपर्यंत आणायची. दोन्हींमुळे त्या दिवसापुरते काम होते आणि नातेवाइकांना सांगतानाही सोपे जाते. पण उजव्या आणि डाव्या बाजूच्या शिरा शेवटी एकाच ऊर्ध्व महाशिरेला मिळतात. डावीकडच्या दोन-तीन निकामी तारा आणि उजवीकडच्या दोन-तीन चालू तारा, अशी गर्दी त्या एकाच शिरेत होते. काही वर्षांनी उजवीकडची तार बिघडली किंवा खिशात जंतुसंसर्ग झाला, की दोन्ही बाजू संपलेल्या असतात. आणि संसर्ग झाला असेल तर निकामी सोडलेल्या तारांसह सगळे काही काढावे लागते, तेव्हा त्या तारांचे वय दहा-पंधरा वर्षांनी वाढलेले असते. चाळिशी-पन्नाशीतल्या रुग्णाला हा सोपा उपाय देणे म्हणजे पुढच्या डॉक्टरच्या हाती काहीच शिल्लक न ठेवणे होय. ऐंशी-पंच्याऐंशीच्या थकलेल्या रुग्णाचा हिशेब वेगळा असू शकतो, आणि तिथे दुसरी बाजू वापरणे कित्येकदा शहाणपणाचेही ठरते. माझा विरोध विचार न करता ते करण्याला आहे.

त्याच बाजूने पुढे जाण्याचा मार्ग म्हणजे अडथळा ओलांडून फुग्याने शीर रुंद करणे, ज्याला व्हेनोप्लास्टी म्हणतात. याबद्दल डॉक्टरांमध्येही पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिला गैरसमज असा, की हातातून डाय दिल्यावर शीर पूर्ण बंद दिसली म्हणजे ती खरोखर पूर्ण बंद आहे. लांबून दिलेला डाय सोपी वाट धरून बाजूच्या शिरांत निघून जातो. तोच डाय कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, अडथळ्याच्या अगदी तोंडाशी नेऊन हळुवार दिला, तर पुष्कळदा जुन्या तारांच्या कडेने केसासारखी वाट दिसते. त्या वाटेने निसरड्या आवरणाची, मऊ टोकाची गाइडवायर घोळवत पुढे न्यायची. जुन्या तारा एक्स-रेवर दिसत असल्यामुळे शीर कुठून कुठे जाते हे त्याच दाखवून देतात, आणि वायर त्यांना सोडून भलतीकडे गेली की लगेच लक्षात येते. वायर ऊर्ध्व महाशिरेत, आणि शक्य तर हृदयाच्या खाली अधोमहाशिरेपर्यंत पोहोचल्याची खात्री झाली, की तिच्यावरून जास्त दाब सोसणारा, साधारण 6 मिलीमीटर व्यासाचा फुगा नेऊन टप्प्याटप्प्याने फुगवायचा. तंतुमय पट्ट्यापाशी फुग्याला सुरुवातीला कंबर पडलेली दिसते आणि दाब वाढवत नेला की ती नाहीशी होते.

दुसरा गैरसमज असा, की शीर पुन्हा अरुंद होणार असेल तर हा खटाटोप कशाला. पुन्हा अरुंद होतेच, हे खरे आहे. पण इथे शीर कायमची उघडी ठेवायची नसून नवी तार तिच्यातून पलीकडे जावी एवढेच साधायचे असते. तार गेल्यावर शीर पुन्हा आकसली तरी रक्ताला बाजूच्या वाटा आहेतच. म्हणून अशा शिरेत स्टेंटही सहसा घालत नाहीत. लक्षणे देणाऱ्या महाशिरेच्या अडथळ्यात स्टेंट घालायची वेळ आलीच, तर आतल्या तारा आधी काढून घ्याव्यात असे अमेरिकेतील हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या 2017 सालच्या मार्गदर्शक निवेदनात सांगितले आहे, कारण तार स्टेंट आणि शिरेची भिंत यांच्यामध्ये एकदा दाबली गेली की पुढे ती सुरक्षितपणे काढणे जवळजवळ अशक्य होते. तिसरी भीती फुग्याने जुनी तार खराब होईल किंवा शीर फाटेल अशी असते. शिरेतला दाब कमी असतो आणि जिथे फुगा फुगवायचा तिथे भोवती जाड तंतुमय आवरण असते, त्यामुळे सराव असलेल्या हातांत हे काम सुरक्षित ठरले आहे; त्यासाठी सराव मात्र हवा. हृदयाच्या रोहिण्यांतले अडथळे फुग्याने उघडायला, म्हणजे अँजिओप्लास्टीला, 1977 साली सुरुवात झाली आणि आज प्रत्येक कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे ही कामे चालतात त्या एक्स-रेच्या खोलीत, ते तंत्र, ती वायर, तो फुगा हाताशी असतो. पण अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर एका खोलीत आणि पेसमेकर बसवणारे दुसऱ्या खोलीत, अशी विभागणी झाल्यामुळे शेजारच्या कपाटातली वस्तू वापरायचे आम्हाला सुचत नाही, हे मी आमच्याच व्यवसायाविषयी खेदाने लिहितो.

वायर कुठूनच पुढे जात नसेल, किंवा आत आधीच निरुपयोगी तारा पडून असतील, तर जुनी तार काढून तिने मोकळ्या केलेल्या वाटेने नवी घालणे हा पुढचा मार्ग. वर्षाच्या आतली तार बऱ्याचदा नुसत्या ओढीने निघते. जुनी तार मात्र चिकटलेली असते. तिच्या पोकळीत आतून घट्ट पकडणारी काडी बसवतात आणि बाहेरून लेझरची किंवा फिरत्या पात्याची नळी सरकवत तंतुमय आवरण सोडवत नेतात. नळी अडथळ्यापलीकडे गेली, की तिच्यातूनच नवी वायर आत ठेवून वाट राखून ठेवता येते, आणि जिथे शीर पूर्ण बंद होती तिथेही अशा रीतीने मार्ग मिळतो. यातला धोका लपवण्याजोगा नाही: महाशीर किंवा हृदयाची भिंत फाटली तर काही मिनिटांत छाती उघडावी लागते, म्हणून हृदयशल्यविशारद आणि त्यांची सगळी सामग्री तिथे हजर असल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये. अनुभवी केंद्रांत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा एक-दोन एवढे असते. तारेचे वय जितके जास्त तितका धोका जास्त, आणि आयसीडीच्या तारा अधिक त्रासदायक. निकामी तार आज काढायची की ठेवायची हे ठरवताना ती दहा वर्षांनी काढावी लागली तर काय, हा प्रश्न रुग्णासमोर मांडलाच पाहिजे.

छातीतल्या या शिरा टाळूनच जाणारी साधनेही आता आहेत. बिनतारी पेसमेकर मांडीच्या शिरेतून नेऊन थेट हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात बसवतात. अमेरिकेत त्याला 2016 साली मान्यता मिळाली आणि त्याचे वजन जेमतेम 2 ग्रॅम आहे. त्वचेखालची आयसीडी शिरेला हातच लावत नाही, मात्र ती नेहमीच्या पेसमेकरसारखे सतत ठोके देऊ शकत नाही. छातीला लहान छेद देऊन हृदयाच्या पृष्ठभागावर तार बसवण्याचा जुना मार्गही अजून उपयोगी आहे. यांतले कोणतेही साधन सरसकट सर्वांना लागू पडत नाही.

ज्या रुग्णाला डायलिसिस सुरू आहे किंवा लवकरच लागणार आहे, त्याच्या बाबतीत मात्र हा सगळा विचार पहिल्याच शस्त्रक्रियेपूर्वी व्हायला हवा. डायलिसिससाठी हातात रोहिणी आणि शीर जोडून फिस्टुला करतात; त्या फिस्टुलामुळे त्या बाजूच्या शिरेतून रक्ताचा प्रवाह कितीतरी पटींनी वाढलेला असतो. त्याच बाजूला लीड घालून शीर अरुंद झाली तर बाजूच्या लहान वाटा तो प्रवाह पेलू शकत नाहीत, हात सुजून फिस्टुला निकामी होण्याची वेळ येते, आणि रुग्णाचे तर जगणेच त्या फिस्टुलावर अवलंबून असते. अशा रुग्णाला पेसमेकर लागला, तर फिस्टुलाची बाजू वर्ज्य मानून बिनतारी पेसमेकर किंवा हृदयाच्या पृष्ठभागावरची तार यांचा विचार आधी करावा. किडनीचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर यांनी त्यासाठी एकमेकांना एक फोन करणे पुरेसे असते, आणि तोच फोन कित्येकदा होत नाही.

इतर रुग्णांतही पहिल्या दिवशी शिरेत जे घातले जाते त्यावर पुढचे बरेच अवलंबून असते. एका तारेने भागत असेल तिथे दुसरी घालू नये. हृदयाच्या मधल्या पडद्यात, विद्युतवहनाच्या डाव्या शाखेजवळ तार बसवण्याची जी पद्धत 2017 नंतर पुढे आली, तिच्यामुळे काही रुग्णांत तीन तारांचे काम कमी तारांत होऊ शकते, आणि केवळ शिरेच्या दृष्टीनेही ती लक्ष देण्याजोगी आहे. तात्पुरती वायर घालायची झाल्यास ती कायमच्या पेसमेकरच्या बाजूच्या कॉलरबोनखालून घालू नये, हा नियम अतिदक्षता विभागातल्या कनिष्ठ डॉक्टरांपर्यंत पोहोचलेला दिसत नाही.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे, की यापुढे पेसमेकरवर मजकूर छापताना वाचकांना निदान एवढे सांगावे: नवी तार घालायची ठरली असेल, तर त्या हाताच्या शिरेची डाय देऊन तपासणी झाली आहे का आणि शीर बंद निघाल्यास काय करायचे ठरले आहे, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारावे. डॉक्टरांना याचा राग येण्याचे काही कारण नाही. जिथे व्हेनोप्लास्टी किंवा तार काढण्याची सोय नाही, तिथे रुग्णाला ती असलेल्या ठिकाणी पाठवणे हाही उपचारच आहे, आणि बिघडलेली तार असूनही ज्याचे हृदय स्वतःचे ठोके देत आहे, अशा रुग्णाच्या बाबतीत त्यासाठी पुरेसा वेळ असतो. ज्याचे ठोके पूर्णपणे पेसमेकरवर चालतात त्याला आधी तात्पुरत्या साधनाने सुरक्षित करून मग हलवावे लागते.

शेवटी नोंदींविषयी. रुग्णाला जे कार्ड मिळते त्यावर डबीचे नाव, क्रमांक आणि तारीख असते. तार कोणत्या बाजूने आणि कोणत्या शिरेतून घातली, किती तारा चालू आहेत, किती निकामी म्हणून आत सोडल्या, त्या कोणत्या साली घातलेल्या आहेत आणि शिरेची तपासणी केली असल्यास तीत काय दिसले, हे बहुतेक कार्डांवर नसते. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातला, दुसरा डॉक्टर ते उपकरण उघडतो तेव्हा त्याला नेमकी हीच माहिती हवी असते. रुग्णालयांनी ती डिस्चार्जच्या कागदावर हाताने लिहून दिली तरी चालेल.

आपला,
एक हृदयरोगतज्ज्ञ